बाबांची अक्षरं

८ ऑगस्ट २००२, जुनी इंदूर
बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजवा गेलाच आहे, डावाही हळूहळू जाणार. चष्म्याने आता काही होणार नाही. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "मग रविवारचं काय?"
मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत बाबा कादंबरी मोठ्याने वाचायचे, विणाई खात्यातले बाकीचे डबा खाता खाता ऐकायचे. मिल बंद पडली, पण ती मंडळी अजून दर रविवारी ऐकायला घरी येतात.

११ ऑगस्ट
रविवार. मिलची मंडळी आली. चहा, पोहे, इकडचं तिकडचं. पुस्तक बाबांच्या मांडीवर बंदच. सगळे लवकर उठले. मला भयंकर राग आला, कोणाचा ते कळेना.

१४ ऑगस्ट
ऑफिसात सुचलं. कॉम्प्युटरवर अक्षर हवं तेवढं मोठं होतं! भावाचा जुना कॉम्प्युटर घरात धूळ खातोय. संध्याकाळी विजय नगरच्या सायबर कॅफेत. पुष्कळ शोधून एक मराठी कादंबरी सापडली. एका फ्लॉपीत मावेना, तुकडे करून भरली.

१५ ऑगस्ट
सुट्टी. उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस. बाबा हळूच, "मला दिसत नाहीये, की हे असंच आहे?" असंच आहे, बाबा.
परत कॅफे. मुलगा हसला, "मॅडमजी, किताब ले गए, फाँट यहीं छोड़ गए! मराठीवाले सब यही भूलते हैं." फाँट म्हणजे अक्षरांची फाइल, ती वेगळी न्यावी लागते म्हणे. तीही आणली. आपल्याच भाषेला ही कटकट का?

१८ ऑगस्ट, रविवार
अक्षर लाडवाएवढं. माउस माझ्याकडे, सगळे बाबांच्या खुर्चीमागे दाटीवाटीने. बाबांनी घसा साफ केला आणि सुरू. बाबांच्या खात्यातले नानाकाका त्यांच्या इंदुरी ढंगात म्हणाले, "आवाज तोच रे भिया, खात्यातला." मी आत जाऊन रडून घेतलं.

८ सप्टें., रवि.
कादंबरी संपली. आता पुण्याहून चुलतभावाने पाठवलेली कथांची सीडी. बाबा निवड करताना फार भाव खातात. खाऊ देत.

१७ नोव्हें., रवि.
"जरा मोठं कर" दर वेळी असतंच. आज पडद्यावर एकच शब्द मावत होता. बाबा तो वाचायचे, थांबायचे, मी पुढचा आणायची. एक पान व्हायला किती वेळ लागला. बाबा ओशाळले. नानाकाका म्हणाले, "आराम से पढ़ भिया, अपने को कौनसी ड्यूटी पे जाना है." कोणी उठलं नाही.
सगळे गेल्यावर बाबांनी विचारलं, "याहून मोठं होतं ना गं?"
होतं म्हटलं.