सहा डोस आणि भेटायला येणारी माणसं

लष्कर, ग्वाल्हेर
४ जून २०२४

ती. सौ. सीमंतिनीताईस,
शरयूचा सा. न. वि. वि.

तुझे नऊ फोन उचलले नाहीत म्हणून रागावू नकोस. दुसऱ्या डोसनंतर तोंड इतकं आलंय की ‘हॅलो’ म्हणतानासुद्धा डोळ्यांत पाणी येतं. माझ्या वतीनं हे बोलायला गेले तर मी न सांगितलेलंही सांगून मोकळे होतात. म्हणून शाळेतून रिटायर होताना आणलेले कोरे कागद काढलेत. यापुढे आपण लिहूनच बोलू. तूही लिही, म्हणजे मला तुझं बोलणं मध्येच बंद करून झोपता येईल.

शेचाळीस डिग्री ऊन आहे. सुश्रुतनं बेंगळुरूहून विग पाठवला. तो घातला की मी बातम्या देणाऱ्या बाईसारखी दिसते आणि पाच मिनिटांत डोकं भट्टीसारखं तापतं. परवा दूधवाला आला तेव्हा घाईत उलटा घातला. त्यानं विचारलं, आंटीजी कहीं बाहर जा रही हैं क्या. केस एकदम गेले नाहीत, थोडेथोडे न्हाणीच्या जाळीत अडकत होते. मी उठायच्या आधी हे रोज जाळी साफ करायचे आणि विचारलं की पाल अडकली होती म्हणायचे. एवढ्या पाली आपल्याकडे कधीच नव्हत्या, तेव्हा काय ते मला माहीत पडलं.

गुरुवारच्या भजनी मंडळातल्या सगळ्या भेटून गेल्या. विजयाबाई म्हणाल्या की किती छान बारीक झालीस, काय खातेस ते आम्हालाही सांग. मी म्हटलं, काहीच खाववत नाही. त्या म्हणाल्या, तेच तर जमत नाही गं. शांताताईंनी सांगितलं की त्यांच्या मावशीला हेच झालं होतं आणि ती सहा महिन्यांत गेली. एवढं सांगून त्यांनी दुसऱ्या कचोरीबरोबर चटणी मागितली.

या दोघींचं मी हसण्यावारी नेलं. पण आपली मुरारची उषा, जिच्याबरोबर मी अठ्ठावीस वर्षं शेजारच्या वर्गात शिकवलं, ती माझ्या पदराकडे बघून म्हणाली की जाऊ दे, आता या वयात त्याचं करायचं तरी काय होतं, सुश्रुत तर केव्हाच मोठा झाला. डावी बाजू काढून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. मी हसले. ती गेल्यावर नळ सोडून न्हाणीत बसले.

एक महत्त्वाचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एका बहिणीला स्तनाचा कॅन्सर निघाला की दुसरीनं उशीर न करता मॅमोग्राफी करून घ्यावी. सांगलीत होते. कधी जातेस ते कळव.

राघवरावांना नमस्कार. लोभ आहेच, तो जरा सावकाश वाचता येईल अशा अक्षरात धाडावा.

तुझी,
शरयू


सांगली
११ जून २०२४

चि. सौ. शरयूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. ‘माहीत पडलं’ नसतं गं, ‘कळलं’ असतं. साठी उलटली तरी तुझं ग्वाल्हेरी मराठी सुधारलं नाही. मी तिथून निघून चाळीस वर्षं झाली म्हणून माझं सुधारलं.

आता मन लावून वाच. सकाळी अनशापोटी गव्हांकुराचा ताजा रस घे, पंचेचाळीस दिवस. रडायचं अजिबात नाही, रडण्यानं औषध लागू पडत नाही. तू लहानपणापासून राग मनात ठेवायचीस. हे दुखणं त्यातूनच येतं, असं मागच्या महिन्यात इथे एका व्याख्यानात ऐकलं. मला तर लगेच तूच आठवलीस. केसांचं काय घेऊन बसलीस, तेल-शिकेकाईचा व्याप वाचला समज. हल्ली या आजाराचं पडशासारखं झालंय. आमच्या समोरच्यांची सून ऑपरेशननंतर तीन आठवड्यांत लग्नात नाचत होती.

उषा पहिल्यापासूनच आगाऊ. तिला दारात उभी करू नकोस. कुठे काय बोलावं याचा काही पोच असतो की नाही माणसाला?

आमचं सर्व ठीक. आंबे संपले, पाऊस बरा आहे. रमाकांतरावांना सांग, पाली मारू नका.

माया कमी होऊ देऊ नकोस, आणि रस चुकवू नकोस.

तुझी,
ताई


लष्कर, ग्वाल्हेर
२२ जून २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सोमवारी तिसरा डोस झाला. त्या दिवशी खुर्चीतून उठवत नव्हतं, म्हणून तुझं पत्र यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. मधल्या भागाला आल्यावर यांनी आवाज बारीक केला. त्यावरून कळलं (बघ, ‘कळलं’ लिहिलं) की पत्र नंतर आपणच वाचायला हवं.

वाचलं. गव्हांकुराचा रस माझ्या पोटात नाही, गुलाबाच्या कुंडीत गेला. माझ्या पांढऱ्या पेशी उतरल्या आहेत, त्यामुळे कच्चं काही खायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. समोरच्यांची सून नाचली याचा आनंद आहे. मला पलंगापासून खिडकीपर्यंत जायला भिंत धरावी लागते. नखं काळी पडलीत. प्रत्येक घासाला लोखंडाची चव येते, अगदी शिऱ्यालाही.

हे मी सोसते. पण राग मनात ठेवल्यानं झालं असं लिहिलंस, म्हणजे हे दुखणंही मीच ओढवून घेतलं. ताई, उषा बोलली ते एका वाक्यात संपलं. तुझं पान भरलं. तिला दारात उभी करू नको म्हणतेस, मग पोस्टमनला काय सांगू?

राग मनात ठेवू नये म्हणून हे लिहिलंय. तुझ्याच व्याख्यानाचा गुण.

आणि माझ्या पत्रातल्या सगळ्याला उत्तर दिलंस, मॅमोग्राफीचं तेवढं सोडून. आंबे संपल्याचं कळवायला जागा होती. कधी जातेस?

रागावले असले तरी तुझीच,
शरयू


लष्कर, ग्वाल्हेर
२९ जून २०२४

ती. सौ. सीमंतिनीताई यांस,
रमाकांतचा सा. न. वि. वि.

हे पत्र शरयूच्या नकळत लिहितो आहे. पाटबंधारे खात्यात जन्मभर अर्ज लिहिले, तेव्हा भाषा कोरडी वाटल्यास क्षमा असावी.

चौथा डोस ८ जुलैस आहे. शरयू तो घेणार नाही म्हणते. परवाच्या गुरुवारी तिला जरा हुशारी वाटली म्हणून मुरारला उषाताईंकडे भजनाला नेलं. विग न घालता, साधा रुमाल बांधून ती पहिल्यांदाच चारचौघींत गेली. भजन बरं झालं म्हणतात. मग प्रसाद वाटला. सगळ्यांना स्टीलच्या ताटल्या आणि हिला एकटीला कागदाची प्लेट, कागदाचा पेला. घरी आल्यावर म्हणाली की आता मला कुठे जायचं नाही, दवाखान्यातही नाही. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. मध्येच सोडणं धोक्याचं आहे असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं आहे.

माझाही उपयोग होत नाही. केस पूर्ण गेले त्या दिवशी तिला बरं वाटावं म्हणून, आता आपण दोघं सारखे दिसतो, असं म्हणालो होतो. आधी ती हसली आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून मी बोलायच्या आधी फार विचार करतो आणि तोवर ती झोपून जाते.

आपण काही लिहावं. काय, ते मला सांगता येत नाही.

आपली कृपादृष्टी आहेच, सध्या तिची फार गरज आहे.

आपला,
रमाकांत


सांगली
२ जुलै २०२४

चि. शरयूस,
आशीर्वाद, वि. वि.

हे स्पीड पोस्टानं धाडते आहे. यात एकही सल्ला नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तुझ्या मेव्हण्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ती म्हणते ते खरं आहे, आणि चहा करायला आत गेले. तिसऱ्यांदा एकटीनं वाचलं. मी चुकले. तुझ्या स्वभावामुळे तुला कॅन्सर झाला असं म्हटलं म्हणजे माझा स्वभाव वेगळा, मला होणार नाही, असा माझा हिशोब होता. एवढ्यासाठी मी दोष तुझ्या माथी मारला.

आता न लिहिलेलं लिहिते. होळीच्या सुमारास आंघोळ करताना उजवीकडे सुपारीएवढी गाठ हाताला लागली. कुणाला सांगितलं नाही, यांनाही नाही. एप्रिलमध्ये तुझं कळलं तेव्हा तर हात लावून बघणंच सोडलं. तू मॅमोग्राफी लिहिलंस, मी आंबे लिहिले.

डोस नको म्हणतेस असं कळलं. कुणी कळवलं ते विचारू नकोस, अक्षर सरकारी होतं. तुला मी धाडस शिकवणार नाही, माझ्याजवळ नाहीच ते. फक्त एवढं ठरवू. तू ८ तारखेला जा, मी ९ ला जाते. तू गेली नाहीस तर मीही जाणार नाही, आणि मग दोघी मिळून मूर्ख ठरू.

उत्तराची वाट पाहत नाही, ८ तारखेची पाहते.

तुझी घाबरट,
ताई


लष्कर, ग्वाल्हेर
१२ जुलै २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

होळी ते जुलै म्हणजे साडेतीन महिने. त्यावर मी एक पूर्ण पत्र लिहिलं होतं, ते यांनी पाठवू दिलं नाही. तुझ्यावर इतकी चिडले की पलंगावरून उठून स्वतः बॅग भरली. डोस घेतला. तुझी ९ तारीख पार पडल्याचं राघवरावांनी यांना फोनवर सांगितलं, पण रिपोर्टचं तू स्वतः लिही.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खुर्चीवर अवंतिका नावाची मुलगी होती. बत्तीस वर्षांची, घरी दोन वर्षांची लेक. तिचा पहिलाच डोस. ती सलाईनच्या थेंबांकडे बघत होती. आणि ताई, मी तोंड उघडलं. म्हटलं, तू तरुण आहेस, पटकन बरी होशील, केसांचं काय, परत माझ्यापेक्षा दाट येतील, आणि एक मूल झालंय ते बरंच आहे. हे सगळं मी म्हटलं. तिनं हात जोडले आणि अगदी नम्रपणे म्हणाली, आंटी, थोड़ी देर चुप बैठें?

मी गप्प बसले. शांताताई, विजयाबाई, तू आणि उषा, सगळ्या माझ्याच तोंडातून बोलल्या होत्या. तिच्याकडे बघून मला इतकी भीती वाटली होती की काहीतरी बोलून ती भीती तिच्याच पदरात टाकली. तासाभरानं तिनं आपणहून तिच्या डब्यातला बर्फ मला चघळायला दिला. मी नुसती मान हलवली.

बाहेर उषा नवऱ्याची, मानसिंगरावांची, जीप घेऊन उभी होती. यांनी तिला परस्पर बोलावलं होतं. हल्ली यांचे फारच पत्रव्यवहार चालतात. मी जीपमध्ये बसले आणि सरळ सांगितलं की दोन गोष्टी मला लागल्या, माझ्या पदराकडे बघून बोललीस ती आणि कागदाची प्लेट. प्लेटचं ऐकून ती रडायलाच लागली. मला इन्फेक्शनची भीती असते असं तिला औषधाच्या दुकानदारानं सांगितलं होतं. म्हणून तिनं माझ्यासाठी बाड्यावरच्या बाजारातून सीलबंद पाकीट आणलं आणि हात धुऊन माझ्यापुढे उघडलं. तसं सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, मी बोलले की चुकतंच, म्हणून त्या दिवशी काही बोलायचंच नाही असं ठरवलं होतं.

पहिल्या गोष्टीबद्दल मात्र ती किला गेटाशी बोलली. म्हणाली की ते शब्द परत घेता येत नाहीत, पण मला माफ कर. मी म्हटलं, आज नाही, पण पुढच्या डोसला तूच ने. पुढे एवढे खड्डे लागले की मला उलटी झाली, तिच्या नव्या पर्समध्ये. तिनं पर्स नीट धरून ठेवली.

तुझ्या रिपोर्टाकडे डोळे लावून बसलेली,
शरयू


सांगली
२० जुलै २०२४

चि. शरयूस,
आशीर्वाद, वि. वि.

गाठ साधी आहे. पाण्यानं भरलेली, कॅन्सरची नाही. सुईनं पाणी काढून तपासलं. दर वर्षी मात्र यायचं आहे. हे आधी लिहिते, बाकीचं मग.

ते यंत्र एखाद्या रागीट माणसानं बनवलं असावं. तिथल्या मुलीनं श्वास रोखा म्हटलं. मी म्हटलं, होळीपासून रोखलाच आहे. रिपोर्ट हातात आल्यावर रिक्षात बसले, तर रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगता येईना. त्यानं गणपतीच्या देवळासमोर आपणहून थांबवलं आणि वाट बघत उभा राहिला. यांना घरी येऊन सगळं सांगितलं. जेवण झाल्यावर ताट उचलताना हे म्हणाले, पुन्हा असं एकटीनं करू नकोस.

पाचव्या डोसाच्या आधी मी तिकडे येते. रविवारी सकाळी पोचेन. तू झोपलीस तर मी पलीकडच्या खोलीत बसेन.

माया राखून आहेस हे तुझ्या रागावरून कळलं. ती तशीच राहो.

तुझी,
ताई


लष्कर, ग्वाल्हेर
२४ जुलै २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू निघायच्या आत हे पोचावं म्हणून घाईनं लिहिते. समोरासमोर मला सांगता येणार नाही.

तुझा रिपोर्ट वाचला आणि सगळ्यात आधी मला आनंद झाला नाही. आधी मनात आलं, हिला नाही, मग मलाच का? हातात पत्र होतं आणि तुझं निरोगी असणं मला सोसवत नव्हतं. उषा, शांताताई यांनी जे म्हटलं ते निदान मोठ्यानं म्हटलं. माझं मनातल्या मनात होतं आणि त्या सगळ्यांहून वाईट होतं.

किती वेळ टिकलं ते सांगते. यांनी आत चहा ठेवला होता, तो उकळेपर्यंत. मग मी रडले, आणि ते तुझ्यासाठीच होतं. यांना वाटलं रिपोर्ट वाईट आला. बिचारे कप घेऊन दारातच उभे राहिले. मग वाचून दाखवलं, तर लगेच बाड्यावर जाऊन अर्धा किलो पेढे घेऊन आले. मला चव लागत नाही, उषा साखर टाळते, म्हणून तेव्हापासून ते एकटेच खातायत, तुझ्या नावानं.

ये. पलीकडच्या खोलीत नको, इथेच बस.

तुझी,
शरयू