समुद्रात न बुडालेले बाबा

केळशी, ता. दापोली
१५ सप्टेंबर २०२४

चि. भिकूस,
ताईचे अ. आ. वि. वि.

हातात मोबाईल असताना ताईने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. व्हिडिओवर तू आलास की मला तुझी सीरियल बघितल्यासारखं वाटतं. मान जराशी तिरकी, आवाज खालचा. मी भांडायला बसते आणि नुसती बघत राहते. कागदावर तरी तुला ऐकून घ्यावं लागेल.

इकडे सगळे बरे आहोत. गुरुवारी गौरी-गणपती पोचवून आलो. ह्यांचा गुडघा कुरकुरतोय, पण सहा दिवस आरतीला उभे राहिलेच. वाडीतल्या बाबल्याने तिठ्यावर तुझा फ्लेक्स लावलाय, ‘केळशीचा सुपुत्र, अमेरिकेचा नगरसेवक’. अरे, निवडणूक अजून व्हायची आहे, असं मी म्हटलं, तर म्हणाला, काकी, निवडून आल्यावर पुन्हा खर्च कोण करणार!

आता मुद्द्याचं. मृणाली लोट्याहून रविवारच्या सुट्टीला आली होती. तिने तुझं भाषण लावलं आणि थांबवून थांबवून मला मराठीत सांगितलं. बंदरातल्या केमिकलच्या टाक्या, वस्तीत येणारा वास, मुलांना लागणारी धाप, हे तू चांगलं बोललास. ती तिथल्या केमिकल कंपनीच्या लॅबमध्येच असते, तिला त्यातलं कळतं. मामा अभ्यास करून बोलतोय, म्हणाली. मला बरं वाटलं.

मग तू सांगितलंस की तुझा बाप मच्छीमार होता, वादळात होडीसकट गेला आणि लहानगा तू पुळणीवर उभा राहून त्याची वाट बघत होतास. लोक डोळे पुसत होते. तूही पुसलेस. मृणाली माझ्याकडे बघायला लागली. आजोबांबद्दल आपल्याला आजवर खोटं सांगितलं की काय, असं तिला वाटलं असणार.

भिकू, कुठला समुद्र? बाबांना बागमांडल्याच्या फेरीबोटीतसुद्धा ओकारी यायची. जन्मभर त्यांनी आगरात माड शिंपले आणि मासे विकत घेतले, तेही घासाघीस करून. ते गेले घरात, अंथरुणावर, तू चांगला तिशी ओलांडलेला असताना. मग हा बुडालेला माणूस कोणाचा बाप?

राग आलाय, पण काळजी जास्त आहे. उत्तर पाठव, फोन नको. प्रकृतीला जप.

तुझी,
सगुणाताई

*

लॉस एंजेलिस
२९ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
भिकूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. हल्ली एका जागी बसवत नाही, जेवता जेवता उठतो, गाडी काढतो आणि बंदरावर जाऊन परत येतो. पण उत्तर बसून लिहितोय.

तुला माझं काम ठाऊक आहेच. बोटीवरची नोकरी सोडली तेव्हा एका शूटिंगला दोराच्या गाठी मारणारा सावळा खलाशी हवा होता, म्हणून मी आत शिरलो. पुढे टॅक्सीवाला झालो, मग टॅक्सीवाला, पुन्हा टॅक्सीवाला. एक वाक्य बोलणारा डॉक्टर. विमानात बॉम्ब ठेवणारा तर इतक्यांदा झालो की खऱ्या विमानतळावर मला बाजूला घ्यायचे. म्हातारपणी ती सीरियल मिळाली, त्यात न्यायाधीश झालो आणि लोकांना चेहरा कळला. अजून दुकानात बायका मला भाडेकरूंचा कायदा विचारतात. पक्षाने मला उभं केलं ते त्या काळ्या झग्यामुळे, हे मला कळतं.

तो बुडालेला बाप एका सिनेमातला आहे. मी मच्छीमाराचा मुलगा झालो होतो. डायलॉग असलेलं ते माझं पहिलं काम. गार पाण्यात उभं राहून बापाला हाका मारायच्या होत्या. दिग्दर्शक पुन्हा पुन्हा करायला लावत होता आणि मी पुन्हा पुन्हा हाका मारत होतो. पहिल्या सभेत एका आईने मला विचारलं, बंदराशी तुझा काय संबंध? तिचा मुलगा तोंडाला वाफेचं यंत्र लावून मांडीवर बसला होता. ताई, मी ठरवून बोललो नाही. तोंडातून तेच आलं. दुसऱ्या दिवशी ते पेपरात होतं आणि त्या आठवड्यात पत्रकावर छापलं गेलं.

आता ते मागे घेता येत नाही. माझा प्रचार बघणारी करेन म्हणते, आज कबूल केलंस तर टाक्यांबद्दल तुझं कोण ऐकेल? समोरचा उमेदवार माझा तो बॉम्बवाला सीन टीव्हीवर रोज दाखवतोय. आणि एलेना नावाची एक वार्ताहर तुझा नंबर शोधतेय. तिचा फोन येईल. तू फक्त हो म्हण. ते जमत नसेल तर ऐकू येत नाही म्हण. टाक्या खऱ्या आहेत, त्या मुलाचा दमा खरा आहे. एका खोट्यासाठी एवढं खरं बुडवू नकोस. ५ नोव्हेंबरच्या मतदानापर्यंतच प्रश्न आहे.

भावोजींना नमस्कार, मृणालीला आशीर्वाद. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
भिकू

*

केळशी
१४ ऑक्टोबर २०२४

चि. भिकूस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी सकाळी आलं आणि त्या बाईचा फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. दसऱ्याची म्हणून मृणाली घरी होती, तीच मध्ये दुभाषी झाली. म्हणजे तू काय मागितलंस ते ठाऊक असताना मी बोलले. कळलं नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

ह्यांनी आदल्या दिवसापासून मला बजावलं होतं. म्हणत होते, हो म्हणायला काय जातंय, केळशीत कोण बघायला येतंय, भावाचं आयुष्य आहे. मीसुद्धा आगरात फेऱ्या मारत मनाशी ‘हो’ म्हणून बघितलं. एकदा तर मोठ्याने म्हटलं. शेजारच्या दर्शनाने कुंपणापलीकडून विचारलं, मावशी, कोणाला हो म्हणताय?

बाई बोलायला चांगली होती. आधी तुझ्या लहानपणाचं विचारलं. शाळेच्या नाटकात तू झाडावर चढून बसलास आणि पडदा पडला तरी उतरेनास, ते सांगितलं. हसली. मग विचारलं, वडील समुद्रात गेले ना? मृणालीने मराठीत सांगितलं आणि माझा हात धरला. भिकू, माझ्या तोंडून हो निघेना. ज्या माणसाला मी या हातांनी पाणी पाजलं, त्याला मी बुडवू कशी? नाही म्हटलं. घरात गेले, म्हटलं. मच्छीमार नव्हते, म्हटलं.

तिला हेही सांगितलं की माझा भाऊ बापाबद्दल खोटं बोलला असेल, पण टाक्यांबद्दल बोलताना तो घाबरलेला दिसतो, आणि घाबरण्याचं सोंग त्याला लहानपणापासून जमत नाही. ते ती छापेल की नाही, कोण जाणे.

हे माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीत. जेवायला वाढलं की जेवतात. तूही कदाचित बोलणार नाहीस. तरी लिहिते, कारण हे तुला पेपरातून कळायला नको. ते आधीच छापून आलं असेल तर माझं दुर्दैव. माझी काळजी करू नकोस, मी तुझी करतेच आहे.

तुझी,
ताई

*

लॉस एंजेलिस
२६ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

पेपर आधी आला, तुझं पत्र नंतर. ‘बहीण म्हणते, वडील घरातच वारले’, असं मोठ्या अक्षरात होतं. टाक्यांबद्दल तू जे बोललीस ते आतल्या पानावर, खाली. मी पडलो हे तुला कळलं असेलच. बाबल्याने फ्लेक्स उतरवला का?

मला तुझा फार राग आला होता. तुझा फोन येऊन गेला, दोनदा, मी उचलला नाही. सीरियलवाल्यांनी परत बोलावलं, तेही टाळलं. झगा अंगावर चढवायची लाज वाटत होती आणि घरात बसून राहवत नव्हतं.

गेल्या आठवड्यात टाक्यांवर नगरपालिकेत सुनावणी होती. त्यात कोणीही नागरिक उठून बोलू शकतो. मी गेलो. नाव पुकारल्यावर मागून कोणीतरी ओरडलं, बाप सापडला का रे? लोक हसले. ताई, इतकी वर्षं मी कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो, पण इथे लिहून दिलेलं काही नव्हतं. अडखळत बोललो. आधी सांगितलं की ती गोष्ट खोटी होती, माझ्या वडिलांना बोट लागायची. मग टाक्यांचं बोललो, माझा वेळ संपेपर्यंत. निर्णय झाला नाही, पुढची तारीख दिली. बाहेर पडताना त्या दम्याच्या मुलाची आई भेटली. माझ्यावर चिडलेली होती. खोटं बोलून तू आमचं नुकसान केलंस, म्हणाली, आणि त्याच दमात विचारलं, पुढच्या तारखेला येणार ना? मी येतो म्हटलं.

आता एक विचारायचं आहे. बाबा गेल्याची तुझी तार मला मिळाली ती त्या पाण्यातल्या सीननंतर पंधरा दिवसांनी. तारखा जुळवल्या तेव्हा कळलं की मी तिकडे हाका मारत होतो तेव्हा बाबा घरात शेवटचे पडून होते. मी विमानात बसलो नाही, कारण दिवस होऊन गेले होते. नंतर तुला काही विचारलंच नाही. बाबा कसे गेले, ताई? माझी आठवण काढली का? मला आधी का कळवलं नाहीस? सगळं लिही, मला वाईट वाटेल ते आधी लिही.

तुझा,
भिकू

*

केळशी
१४ डिसेंबर २०२४

चि. भिकूस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

हे माझ्याशी बोलायला लागले. तुझं पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं आणि मध्येच थांबून चष्मा पुसत बसले.

बाबांना शेवटी दम लागायचा. पावसाळा होता, रस्ता खचलेला, डॉक्टर दापोलीहून शेवटचा टप्पा चालत आले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी म्हटलं, भिकूला तार करते. बाबांनी मनगट धरलं. अंगात जोर नव्हता, पण सोडेनात. म्हणाले, नको गो कळवू. त्याने लिहिलंय ना, आता बोलायचं काम मिळालंय म्हणून? आत्ता बोलवलास तर मेले पुन्हा टॅक्सीत बसवतील त्याला. मी रडले, भांडले. शेवटी त्यांनी शपथ घातली, सगळं उरकल्यावर कळव. हे मी त्या वार्ताहर बाईला सांगितलं नाही. ते तिचं नव्हतं.

तू विचारलंस, आठवण काढली का. शेवटच्या संध्याकाळी विचारलं, तिकडे आता काय वाजलं असेल? मी अंदाजाने सांगितलं, सकाळ व्हायची असेल. म्हणाले, मग उठला असेल, कामाला जाईल. मला म्हणाले, दार लोटून घे, पावसाचं आत येतंय. दार लोटून मी परत आले, पाणी दिलं, दोन घोट घेतले. तिसरा ओठांवरून खाली आला.

ते तुझी वाट बघत नव्हते, भिकू. त्यांनीच तुला कामावर पाठवलं होतं.

पुढची तारीख कधी ते कळव. मृणालीला त्या टाक्यांमध्ये नेमकं काय साठवतात ते हवंय, म्हणजे काय विचारायचं ते ती तुला लिहून देईल. थंडीत कानाला मफलर बांध. रागावलास तरी लिहीत जा.

तुझी,
सगुणाताई