रॉकेटाच्या खिडकीतील लक्कव्वा अक्का न झाकण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
नभांगण विज्ञान दालन,
केलगेरी, धारवाड.

विषय : भिंतीवरील रॉकेटाची खिडकी बंद करण्याचा आदेश मागे घेणेबाबत.
संदर्भ : आपला मेमो, दि. १ डिसेंबर २०२५.

महोदय,

आपण घरी मराठी बोलता असे कळल्याने मूळ अर्ज मराठीत केला आहे. परिच्छेदांचे आकडे विषयाला धरून उलटे आहेत.

७. मी एकतीस वर्षे दाजीबानपेठेत दुकानांचे बोर्ड आणि टेंपोवरची नावे रंगवतो. आपण दालनाच्या भिंतीवर देशाच्या पहिल्या मानवी उड्डाणाचे कल्पनाचित्र सांगितलेत. नमुन्यादाखल जुन्या परदेशी चित्रकारांची तीन चित्रे दिलीत, माणूस अवकाशात जाण्याआधीच काढलेली.

६. चित्र पूर्ण झाले आणि मेमो आला. चित्र ‘वास्तवाशी विसंगत’ असून पंखांखालची लिंबे व खिडकीतील वृद्ध स्त्री शुक्रवारपर्यंत करड्या रंगाने झाकावी, असा आदेश आहे. आपल्या देशाच्या रॉकेटातून अजून कुणी गेलेले नाही. तेव्हा विसंगती नेमकी कशाशी, ते कळावे.

५. नमुन्यांपैकी एकात रॉकेटाला गालिचा घातलेला जिना आहे. दुसऱ्यात प्रवासी टाय लावून चिरूट ओढतो आहे. तिसऱ्यात खिडकीला झालरीचे पडदे आहेत. ही तिन्ही चित्रे आपण काचेत मढवून दारातच टांगली आहेत. त्या चित्रकारांना चुकण्याची परवानगी ज्या कार्यालयाने दिली, त्याचा पत्ता मिळाल्यास मी तेथेही अर्ज करीन.

४. नवी गाडी लिंबावरून नेल्याशिवाय हुब्बळीत कुणी रस्त्यावर काढत नाही. रॉकेटाला चाके नसल्याने, आपल्याच भांडारातील श्रीहरी यांच्या सल्ल्याने, चार पंखांखाली चार लिंबे ठेवली. आपली नवी जीप गेल्या महिन्यात लिंबे चिरडून आवाराबाहेर पडली, तेव्हा मी शिडीवर होतो. तरीही आदेश असल्यास लिंबे पुसतो. तीन पुसतो.

३. खिडकीतील स्त्री माझी थोरली बहीण लक्कव्वा. वय अडुसष्ट. साड्यांना फॉल-पिको करते, जवळच्या अळणावरच्या पुढे कधी गेलेली नाही. तीन दिवस न हलता बसणारे दुसरे कुणी मिळेना, म्हणून तिला बसवले. खाली जमीन लहान होत चालली आहे असे समजून बघ, एवढेच सांगितले होते. तिने असे बघितले की मला ब्रश खाली ठेवावा लागला.

येथे आकडे थांबवावे लागत आहेत. करड्या रंगाचे मी अक्कापासून लपवले होते, ते काल श्रीहरी यांनी तिला फोनवर सांगून टाकले. तोपर्यंत तिने पेठेत पेढे वाटले होते. रविवारच्या उद्घाटनाला अळणावरहून तिची नणंद पद्मा अकरा माणसे घेऊन येणार आहे. मला वाटले, अक्का रडेल. तिने मशीन थांबवले आणि म्हणाली, “हणमंता, पुसायचं तर पूस. पण आधी मला विचार, मी उतरते का म्हणून.”

मी विचारले. उतरत नाही म्हणाली.

२. आज सकाळी आठपासून ती त्या खिडकीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आहे. मांडीवर डब्याची पिशवी आहे. आपल्या वॉचमननी उठायला सांगितले, तर गाडी अजून सुटलेली नाही असे तिने त्यांना शांतपणे कळवले. आता तेच तिला चहा आणून देतात.

१. सबब, खिडकी आहे तशी राहू द्यावी. चित्राखाली ‘ही चित्रकाराची कल्पना आहे’ असे कन्नड, मराठी व इंग्रजीत मी विनामोबदला लिहून देईन. पहिले उड्डाण झाल्यावर आत अक्का नव्हती असे सिद्ध झाल्यास मी स्वतः येऊन दुरुस्ती करीन.

०. (ही जागा आपल्या सहीसाठी कोरी सोडली आहे. आम्ही दोघे खाली थांबलो आहोत.)

आपल्याच भिंतीपाशी उभा,
हणमंत मारुती काटकर
बोर्ड पेंटर, दाजीबानपेठ, हुब्बळी
दि. ५ डिसेंबर २०२५

सोबत :
(१) मेमोची प्रत
(२) अर्जाची कन्नड प्रत
(३) जीपखालील एक लिंबू, वाळलेले
(४) करड्या रंगाचा डबा, झाकण न उघडता परत