दारू जागी करायची रीत

प्रिय बाबा,

परवा आईचा फोन आला होता. हवा, तिचा गुडघा आणि रुबार्बचा मुरंबा या नेहमीच्या क्रमाने बोलून झाल्यावर ती म्हणाली, की येत्या रविवारी नेमबाजी क्लबातला डेल ओस्टबी ट्रक घेऊन येणार आहे आणि तू तळघरातला काडतुसं भरायचा बाक, वरचा प्रेस, तराजू, शिशाचे साचे, सगळं त्याला देऊन टाकणार आहेस. "सिग्नेला काही हवं असेल तर विचार म्हणालाय," ती म्हणाली. मी विचार करून सांगते म्हटलं. तो करून झाला आहे, पण फोनवर सांगण्यासारखा नाही, कारण फोनवर तू "हं" म्हणतोस आणि आईकडे देतोस. माझी विनंती आधीच लिहून टाकते, म्हणजे ती शोधत बसावं लागणार नाही: बाक देऊ नकोस. पुढचं सगळं पत्र म्हणजे त्याचं कारण आहे.

मला तो बाक आठवतो तो खालून. मी सहा वर्षांची असेन. तू वर काम करायचास आणि मी बाकाखाली, कॉफीच्या रिकाम्या डब्यात पडलेल्या पितळी पुंगळ्या एकेक काढून फडक्याने पुसायचे आणि फरशीवर रांगेत उभ्या करायचे. मधमाशीच्या मेणाचा आणि गरम शिशाचा वास यायचा. आई जिन्याच्या वरच्या पायरीवरून ओरडायची, "त्या पोरीचा फ्रॉक बघा एकदा, आणि मग मला सांगा कोण धुणार ते." तू म्हणायचास, "पुंगळ्यांबरोबर धुवून टाकू." नवव्या वर्षी तू मला स्टुलावर बसवून तराजूचा काटा वाचायला दिलास. काटा रेषेवर आला की "हो" म्हणायचं. रेषेच्या जवळ आला की काही म्हणायचं नाही. एकदा मी जवळ आल्यावरच "हो" म्हटलं, कारण भूक लागली होती, आणि तू ती पळी परत डब्यात ओतलीस. मी त्या रात्री जेवताना तुझ्याशी बोलले नाही. पण "जवळ" आणि "वर" यांतला फरक मला त्या दिवशी कळला. नंतर कॉलेजात त्यासाठी चार वर्षं फी भरावी लागली.

आता जे लिहिते आहे ते तुला माहीत आहे. क्रम चुकू नये म्हणून लिहिते. आजोबांच्या रायफलीचं काडतूस जुन्या काळ्या दारूसाठी केलेलं. ती दारू पुंगळीत काठोकाठ भरावी लागायची. आजची दारू जोरकस, म्हणून थोडीच लागते, आणि पुंगळी अर्ध्याहून जास्त रिकामी राहते. काडतूस आडवं असलं की दारू आत लांबवर पसरून पडते. नळीचं तोंड वर केलं की ती मागे, ठिणगीच्या टोपीपाशी येऊन बसते. खाली केलं की पुढे गोळीपाशी घसरते. वजन तेच, जागा वेगळी.

तू दर वेळी बार टाकण्याआधी रायफल आकाशाकडे उभी करायचास, दोनपर्यंत मोजायचास आणि मग सावकाश खाली आणून खांद्याला लावायचास. आजोबा तसंच करायचे म्हणून तूही. त्याला तुम्ही दोघं "दारू जागी करणं" म्हणायचात. आमच्या चांदमारीवर हा ठरलेला विनोद होता. डेल मागून म्हणायचा, "झालं का हॅल्वर, वरच्याला पत्ता सांगून? आमचाही नंबर लागू दे की." तू मान न वळवता म्हणायचास, "वरच्याला तुझा नेम ठाऊक आहे, डेल. म्हणून तो ढगाआड बसतो." मग पाचशे यार्डांवर नेमासाठी उभा केलेला लोखंडी मेंढा टण्ण वाजायचा. बार झाल्यापासून आवाज यायला जवळजवळ तीन सेकंद लागायचे, आणि तेवढ्या वेळात तू पुढचं काडतूस खिशातून काढलेलं असायचं. मी वहीत टिंब करायचे. तेरा वर्षांच्या मुलीला दुसरं काही करावंसं वाटायला हवं होतं, असं आई म्हणायची. मला वाटत नव्हतं.

मग टेकडीपलीकडे घरं झाली, रस्ता आला, आणि विम्याच्या माणसाने क्लबला नवा नियम करायला लावला: भरलेल्या बंदुकीचं तोंड मातीच्या बांधाच्या वर जाता कामा नये. नियम बरोबरच आहे, मी आजही तेच म्हणेन. तूही न कुरकुरता पाळलास. पण त्याच वर्षापासून तुझे मेंढे वाजेनासे झाले. पाचांत एक, कधी दोन. लोक म्हणू लागले, की हॅल्वरची नजर गेली. नेमका त्याच सुमाराला तुझा उजवा हात कापायला लागला होता. कॉफीच्या कपात दिसायचं. मला दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या आणि मी त्यांची बेरीज केली.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. माझ्याकडे इंजिनिअरिंगची कोरी पदवी होती आणि पहिल्या पगारातून घेतलेलं वेगमापक यंत्र. तू भरलेली वीस काडतुसं मी घेतली आणि चांदमारीवरच्या टेबलावरून, नियमाप्रमाणे, एकेक झाडली. यंत्राने दाखवलेले आकडे एकमेकांपासून नव्वद-नव्वद फूट प्रतिसेकंद दूर होते. निम्मा क्लब तुझीच काडतुसं वापरत होता. डेल होता, चिटणीस होते, दोघांच्या बायका सॉसेज भाजत होत्या. मी विचारलं, भरताना तू काय बदललंस. तू म्हणालास, "काही नाही. आता दारू जागी करता येत नाही, एवढंच." त्यावर मी जे बोलले ते मला शब्दशः आठवतं, कारण बोलताना मला ते फार नेमकं वाटलं होतं. "दारू झोपत नसते, बाबा. तुझे हात कापतात. तू दुसऱ्यांसाठी भरणं आता थांबवायला हवं." डेलने हातातला कप खाली ठेवला. तू यंत्राकडे पाहिलंस, माझ्याकडे नाही, आणि म्हणालास, "आकडे आहेत तर आहेत." त्यानंतर तू ना काडतूस भरलंस, ना चांदमारीवर गेलास.

त्या दिवशी मी एकही काडतूस उघडून आतली दारू तोलली नाही. वीस गोळ्यांपैकी एकही डावी-उजवीकडे चुकली नव्हती. चूक सगळी वर-खाली होती, एका उभ्या रेघेत. म्हणजे बदलत होता तो फक्त वेग, आणि तो दारूच्या वजनाने बदलतो की जागेने, हे तोलल्याशिवाय कळत नाही. हे फलकावर सगळ्यांच्या समोर होतं, आणि फलक मीच घडी करून आणला होता.

माझ्या आत्ताच्या नोकरीबद्दल मी तुला फारसं सांगितलेलं नाही. आम्ही दिवसभर काडतुसांचा वेग आणि दाब मोजतो. मला शिकवायला लव्हॉन प्रुइट नावाच्या बाई होत्या, एकतीस वर्षं तिथेच, चष्मा साखळीला. पहिल्या आठवड्यात मी काडतूस उचलून सरळ नळीत सारलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "अगं, थांब थांब. आधी उभं धर. बूड खाली. आता हळू आडवं कर, हळूच सार. दारूला कुठे बसायचं ते सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ती वाट्टेल तिथे बसते, आमच्या ह्यांच्यासारखी." मी विचारलं, त्याने असा किती फरक पडणार. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला शाळेत काय शिकवलं गं? मोज की."

मोजलं. तुझ्या त्या जुलैतल्या खोक्यातली तीस काडतुसं माझ्याकडे उरली होती. दहा उघडून दारू तोलली. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलक्या भरण्यात एका ग्रेनच्या दहाव्या भागाचा, म्हणजे सहा-सात मिलिग्रॅमचा, फरक निघाला. आमचं यंत्रही याहून बरं भरत नाही. मग दहा काडतुसं दारू मागे बसवून झाडली: सरासरी तेराशे दहा फूट. उरलेली दहा दारू पुढे घसरवून: बाराशे अठरा. पाचशे यार्डांवर तेवढ्याने गोळी दोन-अडीच फूट खाली जाते. लोखंडी मेंढा साधारण तेवढाच उंच असतो. म्हणजे तुझा हात नव्हता, नजर नव्हती, बाकावरचं काम तर अजिबातच नव्हतं. तू मला बरोबर उत्तर दिलं होतंस, आजोबांच्या शब्दांत दिलं होतंस, आणि मी शब्दाला हसले.

नियम न मोडताही उपाय आहे. काडतूस आत सारून झाल्यावर रायफलीच्या कुंद्याला बाजूने तळहाताच्या दोन हलक्या थापा मारायच्या. दारू दर वेळी सारखी पसरते. वेग थोडा कमी भरतो, पण प्रत्येक वेळी तेवढाच, आणि मग दुर्बीण एकदा जुळवून घेतली की झालं. मी माझ्या रायफलीवर पाहिलं आहे. क्लबच्या चिटणीसांना आज वेगळं पत्र टाकलं, आकड्यांसकट. त्यात लिहिलं आहे की तुझ्या काडतुसांबद्दल मी त्या दिवशी जे बोलले ते चूक होतं आणि मी ते न तपासता बोलले.

इथवर लिहिणं सोपं होतं. हे सगळं मी मागच्या आठवड्यात मोजलेलं नाही. वहीच्या त्या पानावर अकरा फेब्रुवारी ही तारीख आहे. त्याच दिवशी घरी फोन केला होता. आई म्हणाली तू टीव्ही पाहतोयस, बोलावू का. मी नको म्हटलं आणि बर्फाबद्दल बोलले. ईस्टरला तीन दिवस घरी होते, तुझ्यासमोर बसून जेवले, वही बॅगेत होती. सांगायचं तर चांदमारीवरचं ते वाक्य तुझ्यासमोर पुन्हा उच्चारावं लागलं असतं, आणि मला ते जमेना. सात महिने झाले. आणखी एक अख्खा उन्हाळा तू चांदमारीवर गेला नाहीस, आणि त्यातला प्रत्येक शनिवार मी तुला देऊ शकले असते. परवा आई म्हणाली की बाक जाणार, तेव्हा पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, बाबा. बाकच नसता तर हे कधीच सांगावं लागलं नसतं. तसं वाटलं, हे तुला कळायला हवं म्हणून हे पत्र लिहिलं आहे. शनिवारी दुपारी येते आहे. तू बोलला नाहीस तरी चालेल. मी बोलेन, आणि डेललाही बोलावून घेईन, कारण तेव्हा तोही तिथे होता.

तुझीच,
सिग्ने