आईच्या गाडीचे मागचे दिवे

प्रिय दादा,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, एवढंच. फोनच करणार होते, पण फोनवर तू मध्येच हसतोस, मी चिडते, आणि मग मुद्दा बाजूला राहून माझं चिडणं हाच विषय होतो. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

आठवडाभराच्या रजेवर आईकडे आले आहे. तिने गाडी विकायला काढली आहे. गिऱ्हाईक तूच शोधलंस म्हणे, रविवारी सकाळी येणार आहे. देण्याआधी सगळं एकदा तपासावं म्हणून मंगळवारी मी हेडलाइट लावले, ब्रेकच्या पेडलवर वीट ठेवली आणि मागे जाऊन उभी राहिले. ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे उजळायला हवेत. ते उलट मंदावले. मागच्या काचेतला ब्रेकचा तिसरा दिवा तर वर्षभर बंदच आहे, ‘बघू’ म्हणून तू ठेवलेला. मग हेडलाइट बंद केले, तर ब्रेकचे दोन्ही दिवे लख्ख. याचा अर्थ तुला समजावून सांगायची गरज नाही.

डिकीतलं कार्पेट उचललं. दोन्ही दिव्यांच्या अर्थिंगची वायर एकाच बोल्टला, आणि त्या बोल्टाखाली पापुद्रे सुटतील इतका गंज. मीटर लावला. जिथे शून्याच्या आसपास दिसायला हवं तिथे चार व्होल्ट. एकटे ब्रेकचे दिवे तेवढ्यावर कसेबसे निभावत होते, पण हेडलाइटबरोबर मागचे बाकीचे दिवे लागले की सगळ्यांचाच जीव जात होता. इथवर मी तुला दोष देत नाही. रबर फाटतं, पाणी शिरतं, लोखंड गंजतं.

पण तिथल्याच वायरींच्या जुडग्यात एक रेझिस्टर निघाला. मागचे दिवे नीट चालत नसले की डॅशबोर्डवर जो पिवळा दिवा लागतो, तो गप्प बसवण्यासाठी घातलेला. सांधा टेपने गुंडाळलेला, आणि टेपचं टोक दुमडलेलं, पुढच्या माणसाला नखाने सहज उचलता यावं म्हणून. असं टोक दुमडणारी तीनच माणसं मला माहीत आहेत. बाबा आता नाहीत, आणि हा उद्योग मी केलेला नाही. खरा राग पुढच्या गोष्टीचा आला. रेझिस्टरला तू दुसऱ्या बोल्टवर, पत्रा घासून, स्वच्छ अर्थिंग दिलं होतंस. म्हणजे जुना बोल्ट कामातून गेलाय हे तू पाहिलंस, आणि चांगली जागा दिव्यांना न देता लबाडीला दिलीस. त्याच पान्याने, आणखी दहा मिनिटांत, काम पुरं झालं असतं.

तेव्हा तू वैतागला होतास, मान्य. आईने पिवळ्या दिव्यासाठी तुझ्या गॅरेजवर चार वेळा फोन केला होता. चौथ्या वेळी तू फोन न ठेवताच कामगारांना म्हणालास की आईसाहेबांच्या डोळ्यांत पिवळं भरलंय, आधी त्यांनाच लिफ्टवर चढवा. सगळे हसले. आईने ते ऐकलं. मला तिने हसतच सांगितलं, आणि पाचवा फोन केला नाही.

तरी एवढ्यावर मी हे पत्र लिहिलं नसतं. घाई मीही करते; कारखान्यात माझ्या टेबलावरूनही एकदा न तपासलेला पार्ट पुढे गेला आहे. पण दादा, अपघाताच्या त्या संध्याकाळचं मी आईकडून काल पुन्हा, सावकाश, क्रमाने ऐकून घेतलं. ती शेवटच्या पेशंटचं ड्रेसिंग करून परतत होती. अंधार पडला होता, हेडलाइट लावलेले. रस्ता ओलांडणाऱ्या बाईसाठी तिने ब्रेक दाबला आणि मागून व्हॅन येऊन बंपरच्या मधोमध आदळली. व्हॅनवाला ओरडत होता की दिवे लागलेच नाहीत. तू पोचलास, आत बसलास, आणि त्याला म्हणालास, बघ, लागतायत की नाही. लागले. पण त्याआधी तू काय केलंस हे आईच्या लक्षात आहे. बॅटरी उतरेल म्हणून तू हेडलाइट बंद केलेस.

बॅटरी उतरेल म्हणे!

आणि मग त्या परक्या माणसासमोर, मान धरून उभ्या असलेल्या आईला म्हणालास, “तुला किती वेळा सांगितलंय, असा अचानक ब्रेक मारू नकोस.” तीन महिने ती हेच वाक्य घेऊन जगते आहे. मानेचा पट्टा सुटला, पण किल्ली तिने ड्रॉवरमधून काढलेली नाही. लांबचे सहा पेशंट तिने दुसऱ्या नर्सला दिले. जवळचे पायी करते. आता आपलं वय झालं, हात-पाय वेळेवर चालत नाहीत, कुणाचा जीव जाण्याआधी थांबलेलं बरं, असं ती म्हणते. सव्वीस वर्षं तिने गाडीवर एक ओरखडा येऊ दिला नव्हता.

बुधवारी मी बोल्ट काढला, पत्रा चकाकेपर्यंत घासला, वायरला नवं टोक बसवलं. तिसरा दिवाही सुरू केला; फ्यूज होता, फक्त फ्यूज. रेझिस्टर कापला, तो या पाकिटात आहे. शेवटची तपासणी करायला पेडल दाबून सोडणारं माणूस हवं होतं, म्हणून आईला सीटवर बसवलं. ती तीन महिन्यांनी तिथे बसली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, परीक्षेला बसल्यासारखी. हेडलाइट लावून तिने ब्रेक दाबला आणि मागची भिंत लाल झाली. लागले, असं मी ओरडले. तिने पाय पेडलवर तसाच दाबून ठेवला. मग मान न वळवता तिने खिडकीतून विचारलं, “म्हणजे त्या दिवशी लागत नव्हते का गं?”

मी म्हणाले, अजून तपासते आहे. आईशी मी बोललेलं हे पहिलं खोटं, आणि ते तुझ्यामुळे बोलले. तिने पुन्हा विचारलेलं नाही. चहा देताना नुसती बघते. सांगणं मला अवघड नाही, आकड्यांसकट सांगेन. पण माझ्याकडून तिला फक्त दिव्यांचं कळेल. ते वाक्य परत घेणं मला जमणार नाही, कारण ते मी बोललेले नाही. गिऱ्हाइकाला मी येऊ नको म्हणून कळवलं आहे. शनिवारी दुपारी आई घरी असते. तू ये, तिच्यासमोर बस, आणि तिने विचारलेल्याचं उत्तर दे. मी बाहेर गाडी धूत असेन.

या खेपेला आईच्या बाजूची, तरी तुझीच,
धाकटी