तुलनेची बरणी

४ सप्टेंबर
नोकरी लागली आणि राहायला जागाही मिळाली! ओढ्याकाठी दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत प्रयोगशाळा, आतल्या खोलीत आम्ही मायलेकी. चिऊने आल्या आल्या खिडकीजवळची कॉट पटकावली. पाण्याची टाकी जमिनीत, झाकणबंद. उद्यापासून शेतांत कीटकनाशक फवारणार, म्हणून साहेबांनी आजच पंप लावून ओढ्याच्या पाण्याने ती काठोकाठ भरून घ्यायला सांगितली. चला, पंधरा दिवसांची चिंता मिटली.

६ सप्टेंबर
काम सोपं, पण डोळ्यांत तेल घालून करायचं. रोज एका बरणीत ओढ्याचं पाणी, दुसरीत आमच्या टाकीच्या नळाचं. दोन्हींत दहा-दहा झिंगे सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी मेलेले मोजायचे. नळाचं पाणी फवारणीआधी भरलेलं, म्हणजे चांगलंच, म्हणून ती तुलनेची बरणी. तिच्यातले मेले तर बरणी नीट धुतली नाही असं धरून अख्खी चाचणी रद्द. ओढ्याच्या बरणीत एकही मेला नाही की विष ओसरलं. साहेबांच्या मते त्याला चार दिवस पुरतात, कीटकनाशकाच्या डब्यावर तसं छापलंय म्हणे. डब्यावर काय, काहीही छापतात!

८ सप्टेंबर
ओढ्याच्या बरणीतले नऊ मेले. तुलनेच्या बरणीतले सगळेच. चाचणी रद्द. साहेब फोनवर म्हणाले, नवीन आहात, हात बसेल. दहा वर्षं संसार केला मी, आणि हे मला बरणी घासायला शिकवणार! तरी पुन्हा घासली. चिऊला मळमळतंय. जागा बदलली की होतंच.

१२ सप्टेंबर
रोजच चाचणी रद्द. ओढ्याच्या बरणीतले आता आठ जगतात, नळाच्या पाण्यातले सगळे मरतात. आधी पाय थरथरतात, मग आडवे होतात. चिऊला उलट्या. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पाजा. उकळून पाजतेय. माझंही डोकं धरलंय. लेकरू इतकं कसं सुकलं?

१४ सप्टेंबर
ओढ्याचे दहाही जिवंत. नळाचे — सगळे मेले. बरणी नवी कोरी होती.
साहेबांना फोन केला. वरच्या मळ्यांनी म्हणे तीन तारखेलाच फवारून घेतलं. कळवायचं राहून गेलं. राहून गेलं!
टाकी मी चारला भरली. ओढ्यातलं विष वाहून गेलं. झाकणाखाली ना ऊन, ना वाहणं. दहा दिवस झाले तरी —

१४, दुपार
चिऊची उशी लाळेने भिजलीय. बोटं थरथरताहेत. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. हाक मारली तर नुसती बघते.
डॉक्टर गाडी घेऊन निघालेत. म्हणाले, ते पाणी ती कधी आणि किती प्यायली, सगळं लिहून ठेवा.
सकाळी दोन पेले. दहा वाजता एक. मग मी, चमच्याने. नको म्हणत होती. तोंड फिरवत होती. मी ओरडले तिच्यावर. गाल दाबून धरले आणि —