वाफेचं पाणी

१७ एप्रिल १९५५, रविवार

रोजनिशी पुन्हा सुरू. मागची दोन जानेवारीला बंद पडली, पण त्यात दोष शाईचा होता. या वेळी दौत नवी आहे.

मोठी बातमी. शाळेला वरून दोन थर्मामीटर आले आणि हेडमास्तरांनी ते माझ्या हवाली केले. "तुमीच घरी घेऊन जा जी टेकचंद गुरुजी, इथं पोट्टे फोडतीन," असं म्हणाले. शब्द काहीही असोत, भाव मी ओळखला. सालेकशात भूगोल कोणाला कळतो हे शेवटी वरपर्यंत पोचलं.

पडवीत लावले. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची चिंधी, चिंधीचं टोक पाण्याच्या वाटीत. चिंधीतलं पाणी वाफ होऊन उडतं, उडताना गारवा देतं, म्हणून ओल्याचा पारा खाली. हवा जितकी कोरडी तितका जास्त खाली. दोघांतला फरक काढायचा, तक्त्यात पाहायचं, की हवेत बाष्प किती ते कळलं. बाष्प नाही तर पाऊस नाही. सातवीला दरवर्षी शिकवतो, एकालाही येत नाही. पोरांचं लक्षच नसतं.

१९ एप्रिल

मामाजी आले होते. (मामाजी म्हणजे सासरे, केवळराम. धानाची शेती, आवाज मोठा.) शामकलाचं लग्न १२ मेला पक्कं झालं. शामकला ही आमच्या प्रेमिलाची धाकटी बहीण. गरीब पोर, माझ्यासमोर कधी मान वर करून बोलली नाही. मुलाकडचे दरेकशाचे, आणि भलतेच मानी. थोरल्या मुलाच्या लग्नात वळवाचा पाऊस आला, पंगतीतल्या भातात पाणी गेलं, तर हे नवरदेवासकट मांडवातून उठून चालते झाले. ते लग्न मोडलं ते मोडलंच.

म्हणून मामाजींना घोर. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव पुरेल, की गोंदियाच्या दुलीचंद व्यापाऱ्याकडून ताडपत्र्या आणायच्या? हा प्रश्न त्यांनी न्हाव्याला विचारला, गुराख्याला विचारला, बैलजोडीला विचारायचा तेवढा राहिला. मला नाही. दहा वर्षं जावई आहे मी त्या घरचा!

मीच म्हटलं, मामाजी, सायन्सला विचारा. ते म्हणाले, "बरं, विचारून सांगा जी." प्रेमिलाने तोंडाला पदर लावला. तिला हल्ली खोकला असतो.

२१ एप्रिल

अडचण. पुस्तकात लिहिलंय की वाटीत विहिरीचं पाणी चालत नाही, त्यात क्षार असतात. उकळून, वाफ करून, ती वाफ थंड करून धरलेलं पाणीच हवं. गोंदियाच्या दवाखान्यात मिळतं म्हणे, पण एवढ्यासाठी रेल्वेने कोण जाणार.

मग सुचलं. असं यंत्र या गावात एकाच ठिकाणी आहे: नाल्यापलीकडे रुख्माच्या झोपडीत. बाई मोहफुलांचं नको ते काढते. मागच्याच महिन्यात मी सातवीच्या पोरांची 'दारू सोडा' फेरी तिच्या दारावरून नेली होती. पण यंत्राचा काय दोष?

मला पाहताच ती मडकी लपवायला लागली. म्हटलं, भिऊ नकोस. कोळसा घेऊन जमिनीवर आकृती काढली. खाली जाळ, वर मडकं, त्यावर थंड पाण्याचं भांडं, वाफ, नळी, थेंब. म्हटलं, मला ते थेंब पाहिजेत, अगदी स्वच्छ, आणि कोणाला बोलू नकोस, लोक अडाणी आहेत, गैरसमज करून घेतील. ती बराच वेळ आकृतीकडे आणि माझ्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "एवढं चितर कायले काढता जी गुरुजी, सरळ सांगाचं न." आणि आतून बाटली आणून दिली. वर म्हणाली, पहिल्या धारेचं हाय.

अंगठाबहाद्दर बाई, पण शास्त्र एका झटक्यात समजलं. शिकवणारा चांगला लागतो.

घरी येऊन वास घेतला. काही नाही. शुद्ध पाण्याला वास नसतोच. (तपकिरीमुळे माझ्या नाकाला तसाही बारा वर्षं कशाचाच वास नाही, पण इथे तो मुद्दा गौण.)

२३ एप्रिल

रेकॉर्ड! कोरडा १०४ अंश फॅरनहाइट, ओला ६१. इतका फरक तक्त्यात नाहीच. तक्ता त्याच्या आधीच संपतो. याचा अर्थ सालेकशाची हवा तक्त्याच्या बाहेर गेली. तक्ते करणारे समुद्राकाठी बसून करतात, त्यांना झाडीपट्टीची काय कल्पना? यावर लेख लिहायचा. उद्यापासून.

२५ एप्रिल

लेख राहिला. पोटात वात.

विचार केला, विहिरीच्या पाण्यातले क्षारच बाधत असावेत. बाटलीत शुद्ध पाणी आहेच. अर्धी वाटी घेतलं. घसा जळला. इतक्या वर्षांचे क्षार धुतले जाताना एवढं होणारच. चव चमत्कारिक, पण खऱ्या शुद्ध पाण्याची चव आपल्यापैकी कोणी पाहिलीय?

वात गेला. अंगात हुशारी आली. रोज संध्याकाळी अर्धी वाटी घ्यायचं ठरवलं, जास्त नाही.

२८ एप्रिल

एक वाटी.

जेवणं झाल्यावर प्रेमिलाशी अंगणात बसून बराच वेळ बोललो. पृथ्वी कशी कललेली आहे ते तिला समजावलं. आज मला ते आतून जाणवत होतं. तिला विचारलं, तू जेवलीस का? ती दचकली. लग्नाला दहा वर्षं झाली, असं कधी विचारलं नव्हतं म्हणाली. मी म्हटलं, विचारलं असेल, तुझ्या लक्षात नसेल. तिच्या हातच्या वांग्याच्या भाजीचीही तारीफ केली. भूगोलाचा अभ्यास माणसाला मृदू करतो.

ओला ६०.

२ मे

शाळेला सुट्टी लागली. बाटली संपली. रुख्माने न मागता दुसरी दिली, "आता रोजचंच झालं न जी" म्हणाली. निरीक्षणं रोजचीच असतात, हे तिलाही कळलं.

आज मी गाणं म्हटलं, असं प्रेमिला म्हणते. मला आठवत नाही. ती हसत होती. हसताना बरी दिसते, हे नोंदवून ठेवतो.

५ मे

दुलीचंद गोंदियाहून मुद्दाम आला. ताडपत्र्या हव्यात की दुसरीकडे देऊ, विचारायला लागला. "मास्टरजी, शाम को बादल घिर रहे हैं, पाल भेज दूँ क्या?" त्याला पडवीत उभं केलं, पारा दाखवला, सापेक्ष आर्द्रता समजावली. ढग दिसतात म्हणून पाऊस येत नसतो. ढगाला बाष्प लागतं, आणि बाष्प नाही. तो वाटीकडे नाक नेऊन बघत राहिला. "मास्टरजी, यह पानी है?" म्हणाला. म्हटलं, पाण्याहूनही शुद्ध पाणी आहे. तो मान हलवत राहिला. व्यापारी माणूस, त्याला काय कळणार.

मामाजींच्या समोर मी ठणकावून सांगितलं: १२ तारखेला पाऊस नाही. ताडपत्र्या नकोत. मामाजी मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "जवाई म्हणून राहिले त म्हणून राहिले. डहाळ्यांचाच मांडव घाला." दहा वर्षांत पहिल्यांदा माझा शब्द त्या घरात चालला! डोळ्यांत पाणी आलं. आनंदाने एक वाटी जास्त घेतली.

दुलीचंदला जाताना प्रेमिलाने विहिरीपाशी पाणी दिलं. बराच वेळ बोलत होती. पाहुणचारात ती कधी कमी पडत नाही.

९ मे

संध्याकाळी दरेकशाच्या डोंगरावर काळंभोर. गडगडाट. सगळं गाव अंगणात येऊन वर पाहत होतं. मी खाली पाऱ्याकडे पाहत होतो. ओला ५९! हवा कधी नव्हे इतकी कोरडी. म्हणजे ते काळं हे ढग नव्हेतच. तेंदूच्या जंगलात वणवा लागला असणार, त्याचा धूर. गडगडाटाचं कारण अजून सापडलेलं नाही. मालगाडी असेल.

मामाजी धावत आले, "काऊन जी जवाईबापू, आता काय म्हणते तुमचं यंतर?" आकडा सांगितला. ते आभाळाकडे बघत परत गेले. शामकला दोन दिवस जेवत नाही म्हणे. नवरीला भूक नसतेच.

१२ मे, गुरुवार. सकाळी

लग्नाचा दिवस. लख्ख ऊन! कुठे गेले ते गडगडाटवाले? न्हाव्याला मुद्दाम हटकलं आणि वर बोट दाखवलं. तो हसला. उद्या मामाजींकडून गावासमोर दोन शब्द यावेत अशी अपेक्षा आहे. उत्तर तयार ठेवलंय: "श्रेय माझं नाही, शास्त्राचं आहे."

१२ मे. संध्याकाळी

आटोपशीर लिहितो.

अक्षता पडल्या. पंगत बसली. पत्रावळींवर भात पडला, वरण पडलं, बुंदी येत होती. तेवढ्यात वावटळ उठली, डहाळ्या उडाल्या आणि टपोरे थेंब पडू लागले. दरेकशाचे पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. व्याही एक हात जमिनीला टेकून उठायच्या बेतात. शामकलाचा चेहरा पांढराफटक. ती माझ्याकडे बघत होती. मी आयुष्यात इतका भ्यालो नाही. देवा, माझं काहीही कर, पण या पोरीचं लग्न मोडू नको, एवढंच मनात.

इतक्यात गोठ्यातून दुलीचंदची माणसं ताडपत्र्या घेऊन धावत आली. बांबू आधीच रोवलेले, दोर आधीच बांधलेले. दोर ओढले, मांडव झाकला. भातावर चार थेंब पडले असतील. व्याही परत खाली बसले आणि बुंदी मागितली. लग्न वाचलं.

ताडपत्र्या गोठ्यात कशा आल्या? मामाजींना विचारलं, तेही माझ्याइतकेच चकित.

यावर निभावलं असतं. पण पाऊस चुकवायला नाल्यापलीकडची मंडळीही मांडवात शिरली, त्यात रुख्मा. भर पंगतीत मला हाक मारून म्हणाली, "गुरुजी, तिसरी बाटली आणून ठेवू का जी? तुमाले पहिल्या धारेचीच देऊन राहिलो, दुसऱ्या धारेची नाई." मी म्हटलं, बाई, ते यंत्राचं पाणी. ती म्हणाली, "पानी कोनी माह्याकडून नेते का जी?"

एवढ्या हसण्याने मांडव कोसळला नाही हेच नवल. मामाजी हसत नव्हते. व्याह्यांनी मात्र मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं, पाठीवर थाप मारून म्हणाले, "मास्तर आपलाच माणूस निंगाला!" पंगत उठेपर्यंत सोडलं नाही.

१३ मे

दिवसभर डोकं धरून पडलो. हवेतला बदल.

बसून हिशेब जुळवला. दारू पाण्यापेक्षा लवकर उडते. जितकी लवकर उडेल तितका गारवा जास्त, तितका पारा खाली. सिद्धान्त बरोबरच होता. थर्मामीटरही बरोबर होता. फक्त तो प्यायलेला होता. मीही.

प्रेमिलाला विचारलं, ताडपत्र्या तू सांगितल्यास? म्हणाली, हो, विहिरीपाशी. मग तुला माहीत होतं? म्हणाली, पहिल्याच रातीपासून, वास काय लपते? मला राग आला. मग नवऱ्याला सांगितलं का नाहीस? ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती, पाखडतच म्हणाली, "तुमी मले जेवली का म्हणून विचारून राहिले होते. म्हणून नाई सांगितलं."

पडवीत येऊन बसलो.

१४ मे

नवे संकल्प. एक, वाटीत विहिरीचं पाणी. क्षार असले तर असोत. दोन, बाटली नाल्यात रिकामी करणे. केली. तीन, हवामानावर कोणी विचारल्याशिवाय मत नाही. कोणी विचारत नाही.

ओला ७३. तक्त्यात बसतो. सालेकशाची हवा इतर गावांसारखीच आहे.

संध्याकाळी गच्च पोट, वात, डोकं जड. चुलीपाशी प्रेमिला एकटी बसली होती. उठून गेलो. दारात उभा राहून विचारलं, तू जेवलीस का?

ती उठली. आधी पडवीत जाऊन थर्मामीटरची वाटी हुंगली. मग माझ्याजवळ येऊन माझं तोंड हुंगलं. मग म्हणाली, "नाई जेवली अजून. बसा, दोघाचं वाढतो."